टेरेसवर काचेची खोली करताय? आधी ऊन कुठून येतं ते बघा, मग काच निवडा

आमच्या टेरेसवरची काचेची खोली डिसेंबरात पूर्ण झाली आणि तिथेच सगळा घोळ झाला. पुण्यात बावधनला सातवा मजला, टेरेस दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात, बाहेर मस्त थंडी, आणि सकाळी अकराला त्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसून कोवळ्या उन्हात चहा प्यायचा, म्हणजे आम्ही दोघं स्वतःवरच खूश होतो. मार्चच्या शेवटी पहिल्यांदा शंका आली. एप्रिलात खात्रीच पटली. दुपारी तीननंतर खोलीचं दार उघडलं की भट्टीचं झाकण काढल्यासारखी झळ यायची, दाराच्या कडीला चटका बसायचा, आणि सासूबाईंनी तिथे पसरलेल्या कुरडया मात्र एका दिवसात खडखडीत वाळायच्या. त्या म्हणाल्या, "खोली कशाला म्हणतेस, वाळवणाचं मशीन म्हण."

काच कुठली होती, तर पाच एमएमची ब्राऊन टफन (म्हणजे तापवून मजबूत केलेली काच), सगळ्या बाजूंना तीच आणि छतालाही तीच, कारण फॅब्रिकेटर म्हणाला होता "ताई, ब्राऊन लावली की ऊन लागत नाही". आम्ही पण विचारलं नाही की का लागत नाही. दोन उन्हाळे काढल्यावर जवळजवळ सगळी काच बदलली, आणि तेव्हा जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. तुम्ही सनरूम म्हणा, काचखोली म्हणा नाहीतर बंद केलेली गॅलरी म्हणा, हिशोब तोच आहे.

काचेच्या आधीची दोन कामं

पहिलं काम परवानगीचं. मंजूर नकाशात तुमची टेरेस उघडी दाखवली असेल तर ती झाकणं म्हणजे बांधकाम, आणि ते एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेत, धरलं जाऊ शकतं. पुणे महापालिका असो की पिंपरी-चिंचवड, आर्किटेक्टकडून नकाशा तपासून घ्या आणि सोसायटीची एनओसी लेखी घ्या, "सगळेच करतात" हे काही उत्तर नाही. यावर जास्त लिहीत नाही कारण प्रत्येक इमारतीचं वेगळं असतं.

दुसरं काम वजनाचं, आणि याच्याकडे लोक अजिबात बघत नाहीत. काचेचं वजन काढणं सोपं आहे, एक चौरस मीटर काच जितकी एमएम जाड तितके गुणिले अडीच किलो. म्हणजे सहा एमएमची काच १५ किलो प्रति चौरस मीटर. आता तीन मीटर बाय चार मीटरचं छत धरा, १२ चौरस मीटर झालं. त्यावर सहा अधिक सहाची लॅमिनेटेड, म्हणजे सहा-सहा एमएमच्या दोन काचा चिकटवलेली, टाकली तर नुसती काच ३६० किलो, त्यात लोखंड-अॅल्युमिनियमचा सांगाडा वेगळा, आणि पावसाळ्यात त्यावर चढून सिलिकॉन मारणारा माणूस वेगळा. हे सगळं तुमच्या स्लॅबवर, बीमवर की नुसत्या विटांच्या पॅरापेटवर येणार आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघायला हवं. पुढे आलेली, खाली आधार नसलेली गॅलरी असेल तर हे टाळूच नका. आणि टेरेसला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) असेल तर खांबांसाठी त्यात आडवीतिडवी ड्रिल मारू देऊ नका, खालच्या मजल्यावरच्यांचं छत गळायला लागलं की काचेचं सगळं कौतुक संपतं.

आता ऊन बघा, एक आख्खा दिवस

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्याकडे उन्हाची गंमत परदेशी व्हिडिओंसारखी नसते. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तसाच एक दिवस जुलैच्या शेवटी पण येतो पण तेव्हा ढग असतात म्हणून कुणाला कळत नाही. याचा अर्थ काय, तर उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतीच्या काचेवर नाही, छताच्या काचेवर पडतं, सरळ, पूर्ण जोराने. उलट डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे झुकतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या काचेतून ऊन खोलीत लांबपर्यंत येतं.

म्हणून दक्षिणेची काच खरंतर आपली मैत्रीण आहे. तिच्यावर दोन फुटांचा छज्जा असला की उन्हाळ्याचं वरचं ऊन अडतं आणि थंडीचं तिरपं ऊन आत येतं, फुकटात. उत्तरेला फारसं काही नाही, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी थोडं तिरकं ऊन चाटून जातं इतकंच. पूर्वेचं ऊन सकाळी दहा-साडेदहापर्यंत, तोपर्यंत हवा गार असते म्हणून सोसतं. खरे वैरी दोन, पश्चिम आणि छत. पश्चिमेला काय होतं की दुपारी तीन ते सहा सूर्य खाली उतरलेला असतो, त्यामुळे छज्जाचा काही उपयोग नाही, ऊन सरळ काचेवर आपटतं, आणि नेमकी तेव्हाच बाहेरची हवा पण सगळ्यात तापलेली असते.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी टेरेसवर खडू घेऊन जा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाचला ऊन कुठे पडतंय त्यावर रेघ मारा. समोरच्या बिल्डिंगची सावली, पाण्याच्या टाकीची सावली, सगळं धरा. आमच्या शेजारच्या विंगला पश्चिमेला टेकडी आहे, त्यांना साडेचारलाच सावली येते, त्यांना आमच्याइतकी महाग काच लागतच नाही. पाच रुपयांच्या खडूने हजारो रुपये वाचतात ते असे.

तीन आकडे, त्यातला एकच पाठ करा

काचेच्या कॅटलॉगमध्ये तीन आकडे असतात. व्हीएलटी म्हणजे किती टक्के उजेड आत येतो. यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता झिरपते. आणि एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता शेवटी खोलीत येते, शून्य ते एकमध्ये. शून्य पूर्णांक आठ म्हणजे शंभरातली ऐंशी आत.

इंटरनेटवर जे वाचाल ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असतं आणि तिथे यू-व्हॅल्यूचं फार कौतुक, कारण त्यांची हीटरची ऊब बाहेर जाते. आपलं दुखणं वेगळं. चला हिशोबच मांडू. पश्चिमेला १० चौरस मीटर काच आहे, म्हणजे साधारण १०८ स्क्वेअर फूट. एप्रिलात चार वाजता त्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडतंय असं धरा, एकूण ६००० वॅट. साधी सहा एमएमची पांढरी काच, एसएचजीसी ०.८२, म्हणजे आत आले ४९०० वॅट. आता यू-व्हॅल्यूचा हिशोब, साध्या काचेची ५.७ असते, बाहेर ४० डिग्री आणि आत एसीने २६, फरक १४, म्हणजे ५.७ गुणिले १४ गुणिले १०, साधारण ८०० वॅट. उन्हाचे ४९०० आणि झिरपण्याचे ८००, कुणाच्या मागे लागायचं ते तुम्हीच ठरवा. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे दीड टनाचा एसी लावला तरी तो नुसता त्या एका भिंतीशी भांडण्यातच संपला.

आता समजा तुम्ही डबल काच लावली, दोन्ही साध्या पांढऱ्या, मध्ये १२ एमएम हवा. यू-व्हॅल्यू अर्ध्यावर, २.८ च्या आसपास येते, म्हणजे ८०० चे ४०० झाले. पण एसएचजीसी ०.७० च राहतो, उन्हाचे ४२०० तसेच आत. हीच ती चूक जी आमच्या ओळखीत तीन जणांनी केलीये, "आम्ही डीजीयू लावलंय" (डबल काचेचं दुकानातलं नाव) म्हणून सांगतात आणि घामाने निथळत बसतात. डबल काच म्हणजे गार काच नाही! तीच डबल काच चांगल्या सोलर कंट्रोल लो-ई कोटिंगची (ऊन परतवणारा पातळ थर, पुढे सांगते) घेतली आणि एसएचजीसी ०.३० आला तर उन्हाचे फक्त १८०० वॅट. ४९०० चे १८००. म्हणून पश्चिमेला आणि छताला एसएचजीसी हा आकडा आधी विचारायचा, बाकी नंतर.

फक्त एक सांभाळा, एसएचजीसी कमी करायच्या नादात व्हीएलटी पार खाली नेऊ नका. २० टक्के व्हीएलटीची काच लावून दिवसा ट्यूब लावावी लागली तर काचेची खोली केली कशाला. व्हीएलटी ४५-५० आणि एसएचजीसी ०.३० च्या आसपास अशी जोडी मिळते, थोडी महाग पडते पण पैसे टाकायचे तर इथेच टाका.

ब्राऊन, आरसा, डबल, लो-ई

रंगीत काच ऊन अडवते म्हणजे काय करते, तर शोषून घेते. मग ती स्वतः तापते आणि ती ऊब बाहेर टाकते तशीच आतही टाकते. सहा एमएमच्या ब्राऊन किंवा ग्रे काचेचा एसएचजीसी ०.६ च्या आसपास असतो, म्हणजे ऊन डोळ्यांना कमी दिसतं पण अंगाला लागायचं ते लागतंच. आमच्या ब्राऊन काचेला दुपारी आतून हात लावला की तवा. साधी टफन न केलेली रंगीत काच तर अजून धोक्याची, अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात राहिली की ताण येऊन कडेपासून तडकते.

रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे बाहेरून आरशासारखी दिसणारी, ऊन बऱ्यापैकी परतवते आणि लो-ईपेक्षा स्वस्त असते. पण दोन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. दिवसा बाहेरच्यांना आतलं दिसत नाही हे खरं, रात्री दिवा लावला की उलटं होतं, तुम्हाला बाहेरचं दिसत नाही आणि समोरच्या बिल्डिंगला तुमचा आख्खा संसार दिसतो. आणि तुम्ही परतवलेलं ऊन समोरच्यांच्या हॉलमध्ये जातं, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर अर्धा तास जातो. शिवाय पक्षी आपटतात. आमच्याकडे एक बुलबुल गेला तेव्हा फार वाईट वाटलं, त्यानंतर काचेवर बाहेरून छोटे ठिपक्यांचे स्टिकर लावलेत.

लो-ई म्हणजे काचेवर चांदीसारख्या धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्याला न दिसणारा थर. यात दोन जाती. हार्ड कोट म्हणजे काच बनतानाच भाजून घेतलेला थर, हा एकेरी काचेत पण चालतो. सॉफ्ट कोट जास्त चांगला पण नाजूक, हवा-ओल लागली की खराब होतो, म्हणून तो डबल काचेच्या आतल्या बाजूलाच बंद करून वापरतात. आता खरा मुद्दा, तो थर कुठल्या बाजूला आहे. काचेच्या बाजू बाहेरून आत मोजतात, बाहेरच्या काचेची बाहेरची बाजू एक, तिचीच आतली दोन, मग मधली हवा, आतल्या काचेची तीन आणि खोलीकडची चार. आपल्यासारख्या उन्हाच्या गावात कोटिंग दोन नंबरवर हवं, म्हणजे ऊब बाहेरच्या काचेतूनच परत जाते. तीन नंबर हे थंड देशांसाठी.

आणि हे बसवताना उलटं होतं, होतंच, आमचंच झालं. पश्चिमेची दोन युनिट्स, म्हणजे डबल काचेचे दोन तुकडे, फॅब्रिकेटरच्या माणसांनी उलटी लावली होती. कळलं कसं, तर लायटरने. संध्याकाळी खोलीत अंधार करून काचेसमोर लायटर पेटवून धरायचा, डबल काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, एकामागे एक. त्यातलं ज्याचा रंग बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा, जरा गुलाबीसर किंवा जांभळट, तिथे कोटिंग. आतून बघत असाल तर तुमच्या जवळचं पहिलं प्रतिबिंब म्हणजे चार नंबरची बाजू, दुसरं तीन, तिसरं दोन. आपल्याला तिसऱ्याचा रंग वेगळा हवा. आमच्या दोन युनिट्समध्ये दुसऱ्याचा वेगळा दिसला. फॅब्रिकेटर आधी म्हणाला "ताई असं काही नसतं", मग त्याने स्वतःच लायटर हातात घेतला, दहा मिनिटं इकडून तिकडे फिरला, आणि गुपचूप बिडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढायला लागला.

फिल्मचं पण लोक विचारतात. आहे त्या एकेरी काचेवर चांगली सोलर फिल्म लावणं हा भाड्याच्या घरात ठीक उपाय आहे. पण डबल काचेवर आतून गडद फिल्म लावायच्या आधी काच कंपनीला विचारा, काच जास्त तापून तडकू शकते आणि वॉरंटीवरून वाद होतो.

टफन आणि लॅमिनेटेड, यात गल्लत नको

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

टफन म्हणजे काच सहाशेच्या वर डिग्रीला तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली. साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत, आणि फुटली तर मोठे सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक चौकोनी खडे होतात. पण फुटली की सगळीच्या सगळी खाली येते, जागेवर काही राहत नाही. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा चिवट थर दाबून बसवलेला, गाडीच्या पुढच्या काचेसारखा. ती फुटते पण तुकडे थराला चिकटून राहतात, जाळी पडते, पडदा जागेवर.

आता डोक्यावर कुठली हवी सांगा. बरेच फॅब्रिकेटर छताला नुसती टफन सुचवतात, "टफन आहे, फुटत नाही". फुटते. टफन काचेत कधीकधी निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण अडकलेला असतो, तो काही महिन्यांनी, वर्षांनी हळूहळू फुगतो आणि काच एक दिवस कुणी हात न लावता उडते. आमच्याच सोसायटीत एका टेरेसवर मेच्या दुपारी असं झालं, फटाका फुटल्यासारखा आवाज, सगळे धावले, खाली जेवणाच्या टेबलावर काचेच्या खड्यांचा ढीग आणि ताटात आमरस. पाच मिनिटांपूर्वीच मुलं उठून गेली होती. ते खडे एकेकटे लहान असतात पण पडताना एकमेकांना धरून मोठमोठे ढेकूळ होऊन पडतात. शिवाय पुण्यात एप्रिल-मेमध्ये वळवाबरोबर गारा येतात, वरच्या मजल्यावरून कुंडी पडू शकते, माकडं येतात काही भागात.

म्हणून छताची काच लॅमिनेटेडच. डबल काच लावत असाल तर निदान आतली, डोक्याकडची, लॅमिनेटेड, आणि बाहेरची टफन. यात तडजोड नाही. छतासाठी पीव्हीबीचा थर १.५२ एमएमचा मागा, ०.३८ वर खूश होऊ नका. आणि टफन जिथे लागेल तिथे हीट सोक टेस्ट केलेली मागा, म्हणजे कारखान्यातच काच भट्टीत पुन्हा तापवून ठेवतात, ज्यांना फुटायचं त्या तिथेच फुटतात.

दुसरी जागा, जमिनीपासून वरपर्यंत असलेली काच उंच मजल्यावर. टफन फुटली की सातव्या मजल्यावर सरळ भगदाड आणि खाली पार्किंगमध्ये खड्यांचा पाऊस. तिथेही लॅमिनेटेड. आणि काच लावली म्हणून जुनं रेलिंग कापू नका, असू दे.

लॅमिनेटेडचा एक बोनस म्हणजे मधला थर अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ पूर्ण अडवतो, सोफा-पडदे विटत नाहीत. आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो. जाता जाता, सासरे त्या खोलीत व्हिटॅमिन डीसाठी बसायचे. कुठल्याही काचेतून ते मिळत नाही, व्हिटॅमिन डी ज्या किरणांनी बनतं ते साधी काचसुद्धा अडवते. आता ते सकाळी खाली बागेत जातात आणि तिथे मित्रही भेटतात.

कागदावर बघायचं असेल तर सुरक्षा काचेचं मानक आयएस २५५३ भाग १, आणि इमारतीत काच कशी वापरायची त्याचं आयएस १६२३१. काचेच्या कोपऱ्यात कायमचा शिक्का असतो, कंपनी, आयएसआय मार्क आणि नंबर, तो बघा. शिक्का दिसत नसेल तर पोलराइज्ड गॉगल घालून आकाशाच्या उजेडात तिरकं बघा, टफन काचेत चट्ट्यापट्ट्या दिसतात, साध्या काचेत नाही. टकटक वाजवून ओळखणारे पुष्कळ भेटतात, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या.

आम्ही शेवटी काय लावलं

छत आधी पूर्ण काचेचं होतं, ते बदललं. आता दोन तृतीयांश पफ पॅनेल (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेलं) आणि फक्त दक्षिणेकडच्या बाजूला काचेचा पट्टा, तोही लो-ई डबल, आतून लॅमिनेटेड. खरं सांगते, छताची काच कमी करण्याने जितका फरक पडला तितका कुठल्याच महाग काचेने नाही पडला. चांदणं बघायला तेवढा पट्टा पुरतो. पश्चिमेला कमी एसएचजीसीची लो-ई डबल. दक्षिणेला साधी पांढरी लॅमिनेटेड आणि वर छज्जा. उत्तरेकडचा छोटा तुकडा होता तिथे जुनीच ब्राऊन टफन ठेवली, फेकायची कशाला.

जुन्या वाड्यांत पडवी असायची, वरून कौलं, बाजूने उघडं, ऊन पायापर्यंत येऊन थांबायचं. त्या लोकांना एसएचजीसी माहीत नव्हता पण खोली कुठल्या तोंडाची आहे ते मात्र माहीत होतं.

फ्रेम, सिलिकॉन आणि वारा

अॅल्युमिनियमची फ्रेम असेल तर सेक्शनची, म्हणजे फ्रेमच्या पट्टीची, जाडी आणि पावडर कोटिंग लिहून घ्या. डबल काचेला खोल खोबणीचा सेक्शन लागतो, साध्या स्लायडिंगच्या सेक्शनमध्ये ती कोंबली तर कडेचं सील दिसत राहतं, उन्हाने खराब होतं आणि दोन वर्षांत काचेच्या आत धुकं जमतं. ते धुकं पुसता येत नाही, युनिटच बदलावं लागतं. काच फ्रेमवर सरळ टेकलेली नको, खाली रबराचे ठोकळे हवेत, आणि खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं हवीत. छताच्या डबल काचेचं बाहेरचं सील सिलिकॉनचं मागा, पॉलिसल्फाइड उन्हात टिकत नाही.

आता सिलिकॉनचं. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते अॅसिडिक सिलिकॉन, बाथरूमला ठीक आहे, पण लॅमिनेटेडच्या कडेला आणि डबल काचेच्या सीलला लागलं तर हळूहळू खातं, कडेने पांढुरके फुगे यायला लागतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा. काम चालू असताना नाक उघडं ठेवून एक चक्कर मारा, बस.

वाऱ्यासाठी पुण्याचा मूळ वेग आयएस ८७५ भाग ३ मध्ये सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. काचेची जाडी या हिशोबाने आणि तुकड्याच्या मापाने ठरते, "सगळीकडे पाच सुचवतो" असं नसतं. वर जाल तसा जोर वाढतो आणि कोपऱ्यातल्या तुकड्यांना सगळ्यात जास्त ओढ बसते. छताला उतार ठेवा, सपाट काचेवर पाणी आणि धूळ साचून चिखलाचे नकाशे होतात.

हवा खेळायला जागा

कितीही भारी काच लावा, बंद पेटी तापणारच. निदान दोन समोरासमोरच्या बाजूंना उघडणारी तावदानं हवीत, एक खाली आणि एक शक्य तितकं वर, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. पुण्याची रात्र उन्हाळ्यातही गार होते, ती हवा रात्री आत घ्या आणि सकाळी नऊला पश्चिम बंद करा. बंद काच बाहेरून पुसणार कशी हाही प्रश्न आहे, सातव्या मजल्यावर कुणी लटकणार नाही, म्हणून मोठी फिक्स काच असेल तर बाजूचं तावदान उघडून हात पोचेल इतकीच रुंद ठेवा.

सावली नेहमी काचेच्या बाहेर. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोपर्यंत उष्णता घरात आलेली असते. बांबूची चिक किंवा शेडनेट बाहेरून, मार्च ते जून, पावसाआधी गुंडाळून ठेवायची. कमी बजेट असेल तर साधी लॅमिनेटेड आणि बाहेर चिक ही जोडी आतून पडदे लावलेल्या महाग काचेला सहज टक्कर देते.

कोटेशन आणि डिलिव्हरीचा दिवस

कोटेशनमध्ये "डीजीयू ग्लास" एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. प्रत्येक बाजूसाठी वेगळी ओळ हवी, काचेची कंपनी आणि मॉडेल, प्रत्येक काचेची जाडी, मधली हवा किती एमएम, कोटिंग कुठल्या नंबरच्या बाजूला, पीव्हीबी किती, टफन कुठली, हीट सोक आहे की नाही, आणि तिन्ही आकडे. सेंट गोबेन, एआयएस अशा कंपन्यांच्या प्रत्येक काचेचा डेटाशीट मिळतो, तो मागा. आकडे एकेरी काचेचे आहेत की डबल युनिटचे ते बघा, कारण इथेच हातचलाखी होते. सीलची वॉरंटी किती वर्षं तेही लिहून घ्या.

मापं फ्रेम बसल्यावरच घ्यायला लावा. टफन काच भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, दोन एमएम मोठी झाली तर परत नवीन. एक्झॉस्ट फॅनचं, एसीच्या पाइपचं भोक आधीच सांगा. लिफ्टमध्ये सगळ्यात मोठा तुकडा मावतो का तेही मोजा, आमचा एक मावला नाही आणि चार माणसांनी सात मजले जिन्याने आणला, प्रत्येक वळणावर माझा जीव वर-खाली.

काच आली की लावायच्या आधी कडा बघा, कडेला टवका उडालेला असेल तर परत. सगळं बसल्यावर पाइपने अर्धा तास पाणी मारा, आधी खालून, मग वर वर जात, म्हणजे गळतंय कुठून ते कळतं. हे पाऊस यायच्या आधी करा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर काच लगेच पुसून घ्या, क्षाराचे पांढरे डाग एकदा उन्हात भाजले की निघत नाहीत.

आणि प्रत्येक तुकड्याचं माप, मॉडेल आणि कोटिंगची बाजू एका कागदावर लिहून ठेवा. काच फुटली तर नवीन बनून यायला दिवस लागतात, आणि पावसाळ्यात त्या भगदाडासमोर उभं राहून टेप लावत बसायची वेळ येऊ नये. आमचा कागद मीटरबॉक्सच्या दाराला आतून चिकटवलाय, शेजारी गॅसवाल्याचा नंबर.